चाकाला मुलामा की झिलई?

गाडी घेऊन माझ्या शेडसमोर थांबणारा माणूस खाली उतरायच्या आधीच विचारायचा, "भाई, चाकांना क्रोम बरं का नुसतं पॉलिश?" मी उलट विचारायचो, "गाडी धुतं कोण?" पुष्कळांना हा आगाऊपणा वाटायचा. चाकांचं विचारायला आलो तर हा घरातली माणसं मोजतोय, असा चेहरा करायचे. पण माझं सगळं शास्त्र त्या प्रश्नात होतं. धुणारा पगारी असेल तर क्रोम, मालक स्वतः फडकं घेऊन बसणारा असेल तर पॉलिश, आणि कुणीच धूत नसेल तर सरळ रंग मारा आणि घरी जा. तिसरा सल्ला दिला की गिऱ्हाईक परत यायचं नाही. तरी मी तो देत असे, कारण गिऱ्हाईक जाण्याचं दुःख त्याच्या शिव्या खाण्यापेक्षा कमी असतं.

आमचं घराणं पौडचं, कल्हईवाल्यांचं. अब्बा भाता, कथील आणि नवसागर घेऊन मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला नाही तर त्यात ठेवलेलं ताक, आमटी कळकते आणि खाणाऱ्याला बाधते. म्हणून अब्बांचा एकच कायदा होता, तिळाएवढी जागा उघडी राहता कामा नये. काम झालं की ते भांडं उन्हाकडे धरून आत बोट फिरवत बघायचे. "सुटली जागा की कुणाच्या तरी पोटात गेलं," असं म्हणायचे. हे वाक्य मी जेवणापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

स्टीलची भांडी आली आणि कल्हईचा भाता थंडावला. मी पुण्यात एका प्लेटिंगच्या कारखान्यात पाच-सहा वर्षं काढली आणि सत्तरच्या दशकात घोटावडे फाट्यावर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. एक बफिंगचं मशीन आणि तीन हौद. एक तांब्याचा, एक निकेलचा, एक क्रोमचा. सायकलची हँडलं, बँडवाल्यांचे कर्णे, नळाच्या तोट्या, मोटारीचे बंपर. मग हळूहळू मोटारीची चाकं यायला लागली.

न कळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पॉलिश म्हणजे धातूची स्वतःची झिलई. कापडी बफला मसाला लावून चाक घासायचं, ओरखडे काढायचे. वर काही चढवायचं नाही, उलट थोडंसं काढूनच टाकायचं. हे ॲल्युमिनियमच्या चाकाला शोभतं. चार-सहा महिन्यांनी मळकटतं, पण पुन्हा घासलं की पुन्हा नवं. क्रोम म्हणजे मुलामा. लोकांना वाटतं तो जाड असतो, सगळं झाकतो. प्रत्यक्षात क्रोमसारखा चहाडखोर दुसरा नाही. तो इतका पातळ असतो की खालचा एकेक ओरखडा वर दुप्पट दिसतो. जुन्या लोखंडी चाकाला चिखलानं खड्डे पडलेले असतात. ते भरायला आधी तांब्याचा जाड थर चढवायचा, तो घासायचा, पुन्हा चढवायचा, मग निकेल आणि शेवटी दोन-चार मिनिटं क्रोम. आरसा दिसतो तो क्रोमचा, कष्ट सगळे तांब्याचे आणि निकेलचे. निकेलमध्ये हात आखडला तर मुळशीच्या पावसात दुसऱ्या वर्षी चाकाला आतून तांबूस पुटकुळ्या येतात.

'गाडी धुतं कोण' हा प्रश्न मला एका म्हातारीनं शिकवला. पिरंगुटच्या पुढं एक निवृत्त डॉक्टर बंगला बांधून राहत. त्यांच्याकडे जुनी विलायती गाडी, तिला ॲल्युमिनियमची चाकं. डॉक्टरांना क्रोम हवं होतं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, इतका चांगला धातू कशाला झाकताय?" आणि चाकं अशी झिलई देऊन दिली की ते त्यात बघून टाय सारखा करायला लागले. दसरा झाल्यावर चाकं परत आली ती काळी ठिक्कर. डॉक्टर तापलेले. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या मातोश्रींनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवाची उपकरणी घासता घासता गाडीचीही पूजा व्हायची म्हणून चारही चाकं राखेनं आणि धुण्याच्या सोड्यानं घासून काढली होती. ॲल्युमिनियमला सोडा लागला की ते काळं पडतं. मी बंगल्यावर जाऊन म्हातारीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माझा देवाचा तांब्या बघ कसा लख्ख झालाय. तुझ्याच चाकात काहीतरी खोट असणार." मी चाकं पुन्हा घासून दिली. तेव्हापासून आधी घरातली माणसं मोजायला लागलो.

एका पुढाऱ्यानं जीपची चाकं क्रोम करून घेतली आणि चिखल लागू नये म्हणून ती डांबरी रस्त्याखाली उतरवेनासा झाला. गावात मयत झालं तरी गाडी फाट्यावर ठेवून चालत जायचा. त्या वर्षी त्याच्या साधेपणाची फार तारीफ झाली.

अशा गमती सांगत बसलो तर हा दिवाळी अंक पुरायचा नाही. पण ज्या कामामुळं मी हे लिहायला बसलो ते काम गमतीचं नव्हतं.

सन ऐंशीच्या आसपास घोटावड्याच्या बाजूला कारखाने उभे राहत होते. सोपानराव नावाच्या शेतकऱ्याचा जमिनीचा एक तुकडा एका कारखान्यात गेला. आलेल्या पैशातून त्यानं एक जुनी उघड्या टपाची मोटार घेतली, वरातींना भाड्यानं द्यायला. त्या काळी तालुक्यात बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरवरून वरात निघायची. उघडी मोटार म्हणजे नवरदेवाला राजाचा मान. सोपानराव चारही चाकं घेऊन माझ्याकडे आला. चाकं लोखंडी, गंजून खड्डे पडलेली.

"यासीनभाई, आसं करा का नवरीला त्यात कुकू लावता आलं पायजे."

मी विचारलं, "गाडी धुतं कोण?"

"आमचा डायवर. सुदाम."

सुदाम कांबळे लवळ्याचा. लष्करात ट्रक चालवून परत आलेला, पस्तिशीचा, कमी बोलणारा. सकाळी गाडी काढायच्या आधी पाना घेऊन चारही चाकांभोवती फिरायचा आणि एकेक नट आवळून बघायचा. लष्कराची सवय. लोक हसायचे, "सुदाम गाडीची आंघोळ-पूजा करतोय." तो पुढच्या चाकाकडे वळायचा.

पगारी माणूस, लोखंडी चाकं. निर्णय सोपा होता, क्रोम. तांब्याचे थर मी हात सैल सोडून दिले. खड्डे बुजले, बफवर चाकं पाण्यासारखी झाली. आणि मी अब्बांचा कायदा पाळला. चाकाची पुढची बाजू, मागची बाजू, कड, नट बसायची भोकं, ब्रेकच्या ड्रमला टेकणारी जागा, सगळीकडे सारखा मुलामा. तिळाएवढी जागा सोडली नाही. पुण्याच्या कारखान्यात आम्ही बंपर आणि तोट्या करायचो, चाकं कधीच नाही. म्हणून नटाखालची जागा मेण लावून झाकायची असते, म्हणजे तिथं मुलामा चढत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही. उलट उन्हाकडे धरून भोकात बोट घालून बघितलं आणि अब्बा असते तर खूश झाले असते, असं वाटलं.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा फाट्यावर गर्दी झाली. पहिली दोन लग्नं झोकात झाली. आठवडाभरात माझ्याकडे चार गाड्यांची विचारणा आली.

त्याच आठवड्यात सुदाम शेडवर आला. सायकल भिंतीला लावून उभा राहिला.

"भाई, नटं रोज पाव पाव फेरा घेत्यात."

"म्हंजी?"

"रातच्याला आवळून ठिवली तरी सकाळी पाना लावला का पाव फेरा पुढं सरकत्यात. आदी न्हवतं आसं. कायतरी चुकतंय."

मी बफवरून मान वर केली नाही. "नवीन मुलामा हाय, सुदाम. बसंल चार दिसात."

"बसंल?"

"बसंल की. माझं काम हाय ते."

तो सायकल घेऊन गेला. त्या चार वाक्यांत माझ्या आवाजात जी ऐट होती ती मला आजही ऐकू येते, आणि लाज वाटते.

तिसरं लग्न पौडचं. नवरदेवाला घेऊन गाडी घोटावड्याकडे निघाली होती. मागच्या सीटवर नवरदेव, शेजारी त्याचे मामा किसनराव. पौडच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा मालाचं मोठं दुकान, आणि तालुक्यात शब्दाला वजन. एका वळणावर पुढचं डावं चाक निखळलं. गाडी ड्रमवर बसली, फरफटत शेताच्या बांधाला टेकली. चाक मात्र चमकत एकटंच पुढं गेलं आणि ज्वारीत शिरलं. नवरदेवाला खरचटलंसुद्धा नाही. किसनरावांचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. सुदामनं गाडी तशा अवस्थेत रस्त्यावरून उलटू दिली नाही, नाहीतर आणखी काय झालं असतं कोण जाणे. पण हे कुणी बोललं नाही. किसनराव साऱ्या बाजारपेठेत बोलले ते वेगळंच. "डायवरनं नटं आवळलीच न्हवती."

सुदाम दुसऱ्या दिवशी किसनरावांच्या घरी गेला. आत न घेता त्याला पायरीवरून परत पाठवलं. सोपानरावनं त्याला कामावरून काढलं. आणि यापेक्षा मोठं एक होतं, ते मला तेव्हा ठाऊक होतं आणि म्हणूनच ते इथं लिहिणं भाग आहे. घोटावड्याकडच्या एका कारखान्यात कामगारांच्या बसवर ड्रायव्हर घेणार होते. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. सुदामचं नाव जवळपास पक्कं झालं होतं. फक्त गावातून चौकशी व्हायची बाकी होती.

अपघातानंतर दोन दिवसांनी ते चाक माझ्याकडे आलं. सोपानरावचा निरोप, ओरखडे काढून पुन्हा क्रोम करा. मी चाक टेबलावर ठेवलं आणि नटाच्या भोकाकडे बघितलं. क्रोम फुटून गेला होता, निकेल सोलून निघालं होतं आणि प्रत्येक भोकाला आतून तांब्याचं चपटं झालेलं लालसर कडं दिसत होतं. तांबं मऊ. नट आवळला की ते दबतं, गाडी चालली की आणखी दबतं, आणि तेवढा नट ढिला होतो. रोज पाव फेरा. सुदाम आवळत होता म्हणून गाडी तीन लग्नांपर्यंत टिकली. दुसरा कुणी असता तर चाक पहिल्याच वरातीत गेलं असतं.

मी हातातलं फडकं ठेवून खाली बसलो.

सोपानरावला बोलावून घेतलं आणि ती कडी दाखवली. तो समजायला हुशार माणूस. लगेच समजला आणि लगेच म्हणाला, "कुणाला बोलू नगा भाई."

"सुदामवर आलंय सगळं."

"डायवर बदलला का लोक गाडीत बसत्यात. चाकंच वाईट निगाली म्हनलं का कोण बसंल? माझी जमीन गेली हाय ह्या गाडीत. आणि तुमच्याकडं तरी कोण येईल मग?"

शेवटचं वाक्य त्यानं माझ्यासाठी ठेवलं होतं आणि ते बरोबर लागलं.

मी चारही चाकांच्या भोकांतला मुलामा खरवडून लोखंड उघडं केलं. ड्रमला टेकणारी जागाही मोकळी केली. नट आता लोखंडावर बसत होते. गाडी पुन्हा वराती करायला लागली, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली, आणि नटांची काही तक्रार आली नाही. लोक म्हणाले, बघा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली. मी मूग गिळून बसलो. स्वतःला समजावत होतो की चूक दुरुस्त केली आहे, आता कुणाला इजा होणार नाही, मग बोलून काय साधणार? काम नीट केलं की तोंडानं बोलावं लागत नाही, असं माणूस स्वतःला सहज पटवतो. नमाजाला उभा राहिलो की मात्र पटायचं नाही.

असे दहा-अकरा दिवस गेले. मग एका सकाळी सुदाम आला. सायकल नव्हती, चालत आला होता. बफिंगच्या मशीनकडे बघून म्हणाला, "भाई, ह्याच्यावर हात बसंल माझा. काम हाय का हितं?"

बफवर काम करणारा माणूस संध्याकाळी ओळखू येत नाही. नाका-कानात काळा मसाला, छातीत धूळ. लष्करातून आलेला ड्रायव्हर ते काम मागत होता.

"आन् कारखान्याचं?"

"दुसरा घेतला काल. त्यांचा साहेब इचारत हुता म्हणं, वरातीचं चाक निखळलं त्योच का ह्यो?" मग म्हणाला, "मला कामाचं न्हाई वाटत भाई. पण मी नटं आवळली हुती. त्या दिशी दोनदा आवळली. घरी बायकूबी आता माज्याकडं बघत ऱ्हाती, खरंच आवळली हुती का म्हणून."

मी मशीन बंद केलं. सगळं सांगितलं. तांब्याची कडी, मेण लावायला हवं होतं ते, सोपानराव, खरवडलेली भोकं. सांगताना मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, हौदाकडे बघत होतो. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"चाक निखळल्यावर दोन दिसांनी ते माझ्याकडं आलं, त्याच दिशी."

तो भिंतीकडे बघून बोटांची पेरं मोजल्यासारखा अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "किसनमामांना सांगितलं?"

"न्हाई."

"मग चला."

आम्ही एसटीनं पौडला गेलो. शेजारी शेजारी बसून. किसनराव ओसरीवर हात गळ्यात बांधून बसले होते. त्यांच्या दुकानाचे दोघंतिघं, शेजारचे एक-दोन अशी माणसं होती. ते अब्बांना ओळखत, त्यामुळं मला बघून म्हणाले, "या यासीन, बसा." सुदाम पायरीखाली थांबला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. या वेळी किसनरावांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. "चूक माझी. नटं आवळलेली हुती. माझ्या मुलाम्यानं ती ढिली झाली. त्यानं आदीच येऊन सांगितलं हुतं मला, मीच ऐकलं न्हाई. तुमचा हात माझ्यामुळं मोडलाय."

किसनरावांनी मोडक्या हाताकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि याव्यात असंही वाटलं. पण ते म्हणाले, "आसं हाय व्हय," आणि मग पायरीकडे बघून, "वर या सुदामराव. हितं बसा. चहा ठिवा गं."

सुदाम वर आला, पण बसला नाही. "चहा नगं मामा. मला येक पायजे."

"बोला की."

"तुमी सगळ्या बाजारात बोलला, म्या नटं आवळली न्हवती. आता हितं, ह्या समद्यांसमोर, येकदा म्हणा, आवळली हुती."

किसनराव मोठा माणूस. त्याला कुणी असं बोलायला सांगत नसे. त्यांच्या शेजारचा माणूस काहीतरी पुटपुटला, पण त्यांनी त्याला चांगल्या हातानं गप्प केलं. मग ते उठून उभे राहिले, नीट, सावकाश, मोडका हात सांभाळत.

"सुदाम कांबळेनं नटं आवळली हुती," ते म्हणाले. "म्या खोटं बोललो."

सुदामनं मान हलवली. पायऱ्या उतरून चपला घातल्या. मी मागोमाग उतरलो. वाटलं, आता आम्ही दोघं बरोबर एसटी स्टँडवर जाऊ, वाटेत मी काहीतरी बोलेन, माफी मागेन, कामाचं बघतो म्हणेन. तो रस्त्यावर येऊन थांबला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"अकरा दिस, भाई," तो म्हणाला, आणि स्टँडकडे न वळता लवळ्याच्या रस्त्यानं चालत निघून गेला.